खुरटं वासरू आणि आपली नियत

वाढ न झालेल्या जनावराला आपल्या बोलीत पुष्कळ नावे आहेत. खुरटं, किरटं, रोडकं, मरतुकडं. माणसे ही नावे सहज वापरतात, कधी हसत, कधी कीव करीत. पण या नावांत एक गोष्ट समान आहे. जनावर असे का राहिले, हे त्यातले एकही नाव सांगत नाही. ते सगळा दोष जनावराच्या अंगावर टाकून मोकळे होते. जणू त्या वासराने स्वतःच ठरवून आपली वाढ थांबवली!

आष्टी हा बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा तालुका. सीनेपलीकडे लगेच नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर. पाऊस कमी, जमीन बहुतेक हलकी, आणि हंगाम संपला की ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसे. अशा मुलखात गेल्या काही दशकांत दुधाने अनेक घरे तारली. गावठी गाय मागे पडली, दावणीला काळ्यापांढऱ्या संकरित गायी आल्या. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर किटल्या घेऊन जाणारी माणसे हे आता इथले रोजचे चित्र आहे. या चित्रात एक जीव मात्र दिसत नाही. तो गोठ्याच्या कोपऱ्यात, आखूड दाव्याला बांधलेला असतो. पोट ढेरके, पाठीचा कणा वर आलेला, केस राठ, वय दीड वर्षाचे आणि अंग सहा महिन्यांचे. हा संकरित गायीचा गोऱ्हा.

या लेखात मला विचारायचा प्रश्न साधा आहे. जे जनावर दूध देणार नाही, जू ओढणार नाही आणि ज्याला वजनाचा भाव येणार नाही, त्याचे आपण काय देणे लागतो? की काहीच लागत नाही?

प्रश्नाला हात घालण्यापूर्वी एक निवाडा करून घेतला पाहिजे. लहानपण एका प्रकारचे नसते. ते निदान तीन प्रकारचे आहे, आणि प्रत्येक प्रकारात आपली जबाबदारी वेगळी ठरते.

पहिले लहानपण जातीचे. केरळातल्या कोट्टायम भागातील वेचूर गाय जेमतेम ९० सेंटिमीटर उंच. आंध्र प्रदेशातल्या चित्तूरकडची पुंगनूर तशीच ठेंगणी. आपल्या कोकणातली गाय लहान चणीची, डोंगरउतारावर चढणारी, निकृष्ट चाऱ्यावर जगणारी. या जनावरांत काही कमी नाही. त्यांचे शरीर त्यांच्या मुलखाच्या मापाने घडले आहे. तरी काय झाले? मोठे ते चांगले, अधिक दूध ते चांगले, असे ठरवून केरळात १९६१ च्या पशुसुधारणा कायद्यान्वये गावठी वळूंचे खच्चीकरण करण्यात आले आणि वेचूर जवळजवळ नामशेष झाली. १९८९ साली केरळ कृषी विद्यापीठातील डॉ. सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून उरलीसुरली जनावरे गोळा केली म्हणून ती वाचली. कोकणातल्या गायीलाही कितीतरी वर्षे ‘गावठी’ याच्यापलीकडे नाव नव्हते. २०१८ मध्ये तिची ‘कोकण कपिला’ म्हणून जात नोंदवली गेली, तेव्हा कुठे ती कागदावर गाय झाली. आज तर ठेंगणी पुंगनूर ही श्रीमंतांच्या अंगणातली हौस झाली आहे. म्हणजे गाय तीच, उंचीही तीच. बदलली ती पाहणाऱ्याची नजर. इथे आपले देणे एवढेच की, आपली फूटपट्टी म्हणजे सृष्टीचा नियम नव्हे, हे मान्य करावे.

दुसरे लहानपण हौसेतून जन्मते. याची कथा दूरच्या मुलखातली आहे, पण ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या हेरफोर्ड आणि अँगस जातींच्या प्रदर्शनांत साधारण १९३० नंतर आखूड पायांच्या, ठेंगण्या, गच्च भरलेल्या वळूंना बक्षिसे मिळू लागली. पशुपैदासकार तसेच वळू निवडू लागले. काही वर्षांनी कळपांत विचित्र वासरे जन्मू लागली. मोठे कपाळ, आखूड तोंड, फुगलेले पोट आणि श्वास घेताना घुरघुर आवाज. बहुतेक लवकर मरत. ज्या वळूंना ठेंगणे आणि गच्च म्हणून डोक्यावर घेतले, त्यांतल्या अनेकांत या बुटकेपणाचा दोष लपलेला होता. असा एकेरी दोष अंगात असलेले जनावर परीक्षकांच्या डोळ्यांत अधिकच भरे. दोन्ही बाजूंनी दोष आला की बुटके वासरू. पण खरी गोष्ट पुढेच आहे. अशी वासरे झाली की अनेकांनी ती गुपचूप नाहीशी केली, कारण वंशावळीला बट्टा लागला असता. दोष लपला म्हणून तो आणखी पसरला. १९५० च्या दशकात वळूंच्या संततीची उघड तपासणी सुरू झाली, तेव्हा कुठे तो आवरला. या वासरांचे लहानपण निसर्गाने दिलेले नव्हते आणि उपासमारीचेही नव्हते. ते माणसाच्या आवडीचे फळ होते, आणि फळ भोगले वासराने.

तिसरे लहानपण भुकेचे. आष्टीतले लहानपण हे आहे.

वासराच्या पोटात आईकडून गर्भातच रोगप्रतिकारशक्ती येत नाही. ती येते चिकातून. वासरू जन्मल्यावर पहिल्या तास-दोन तासांत त्याला चीक मिळाला पाहिजे आणि पहिल्या दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका गेला पाहिजे. एक दिवस उलटला की त्याचे आतडे तो गुण शोषून घेईनासे होते. मग कितीही पाजा. आता आपल्या घरांत काय होते? कालवड झाली तर तिला पाजतात, कारण ती उद्याची गाय. गोऱ्हा झाला की चिकाचा खरवस होतो, शेजारीपाजारी वाटला जातो. खरवस गोड लागतो, यात वाद नाही. पण त्या वाटीत कुणाचे काय गेले, हे आपण विचारत नाही. पुढे आठवडाभरात हगवण लागते, मग जंत होतात, मग गोचीड. गाय गाभण असताना दुष्काळ पडलेला असेल तर वासरू पोटातच अर्धे राहिलेले असते. थोड्या दिवसांची उपासमार झालेले जनावर पुढे चांगली वैरण मिळाली तर भरून येते, हे जाणत्यांना माहीत आहे. पण अगदी कोवळ्या वयातली लांबलेली उपासमार पुढच्या खुराकाने पुरती भरून निघत नाही. बाजारात दलाल तोंड उघडून पाहतो. आदत आहे की दुसा, हे दातांवरून ठरते. दात दोन वर्षे सांगतात आणि अंग वर्षाचेही वाटत नाही. मधले वर्ष कुठे गेले, याचा हिशेब मात्र दलालही विचारत नाही, मालकही सांगत नाही.

मार्विन हॅरिस नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने केरळात फिरून एक निरीक्षण नोंदवले होते. शेतकरी त्याला सांगत की, आम्ही गोवंशातल्या जिवाचे आयुष्य कधीही कमी करणार नाही. पण तिथे बैलांचा उपयोग थोडा. वर्षाच्या आतल्या वासरांत शंभर माद्यांमागे नर निघाले ६७. नर वासरे अशक्तच असतात, ती कमी पितात, असे उत्तर मिळे. उत्तर प्रदेशात बैलाची गरज मोठी, तिथे हेच प्रमाण उलटे होते. तिथले नर काही निराळ्या मातीचे नव्हते. गरज निराळी होती. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांचे हॅरिसशी पुष्कळ मतभेद होते. पण कत्तल टाळणारा समाज नकोशी जनावरे उपासमारीने कमी करतो, हे कटू सत्य दांडेकरांनीही स्पष्टपणे मांडले होते.

इथे आपण नीतीच्या मुळाशी येतो. ‘मी मारले नाही’ आणि ‘मी जगवले नाही’ या दोन वाक्यांत अंतर किती? कायद्याच्या दृष्टीने बरेच. समाजाच्या दृष्टीनेही बरेच. पहिल्याला सुरी लागते, दुसऱ्याला काहीच लागत नाही. फक्त दावे थोडे आखूड बांधायचे आणि कासेपाशी थोडे उशिरा सोडायचे. पण वासराच्या बाजूने पाहिले तर? एका क्षणात जाणे आणि तीन महिने झिजत जाणे, यांत दुसरे सौम्य आहे, असे कोण म्हणेल? ते सौम्य आहे ते आपल्यासाठी, कारण त्यात आपला हात दिसत नाही. हात न दिसणे म्हणजे हात नसणे नव्हे.

असे लिहिताना शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, आणि ते मला करायचे नाही. हिशेब मांडून पाहू. वासराने रोज तीन लिटर दूध प्यायले आणि दुधाला लिटरमागे तीस रुपये मिळाले, तर रोजचे नव्वद रुपये. दोन महिन्यांचे ५,४०० रुपये. त्यानंतर वैरण आहेच. आणि हा गोऱ्हा मोठा होऊन काय करणार? संकरित बैलाला वशिंड नीट नसते, जू बसत नाही, आष्टीच्या चैत्रातल्या उन्हात तो धापा टाकतो. शेतात ट्रॅक्टर आला आहे. ज्याच्या घरी दोन गायी आणि शाळेत जाणारी तीन मुले आहेत, त्याने हे ५,४०० रुपये कुणाच्या ताटातून काढावेत? शहरात बसून भूतदयेवर लिहिणाऱ्याने आधी या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. दया ही फुकट नसते. तिचा खर्च कुणीतरी करतो. प्रश्न इतकाच की, तो एकट्याने का करावा?

आपल्या फिकहमध्ये या प्रश्नाचा विचार झाला आहे, आणि तो आपल्यातल्याच पुष्कळांना ठाऊक नसतो. बायको-मुलांचा नफका असतो, तसाच पाळलेल्या जनावराचाही नफका मालकावर आहे. मालक तो देत नसेल तर काय, यावर इमामांची चर्चा आहे. शाफई, मालिकी आणि हंबली मतानुसार काझीने त्याला भाग पाडावे. त्याने जनावराला खाऊ घालावे, किंवा विकावे, किंवा ते खाण्याजोगे असेल तर जबह करावे. हनफी मतात हे कर्तव्य अल्लाहसमोरचे आहे, मात्र न्यायालयाने सक्ती करावी की नाही यावर मतभेद आहे. इमाम अबू यूसुफ सक्तीच्या बाजूचे. तपशील वेगळे असले तरी एक गोष्ट सर्वांना मान्य आहे. चौथा मार्ग नाही. बांधून ठेवून उपाशी मारणे हा पर्याय कुणीही दिलेला नाही. पोट पाठीला लागलेला उंट पाहून हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी मालकांना या मुक्या जनावरांबाबत अल्लाहचे भय बाळगायला सांगितले, हा प्रसंग हदीसमध्ये आहे. मांजरीला कोंडून ना खाऊ घातले ना मोकळे सोडले, म्हणून जहन्नममध्ये गेलेल्या स्त्रीचा उल्लेखही आपण वाजमध्ये ऐकतो. त्या स्त्रीने मांजरीला मारले नव्हते. जगवले नव्हते.

आता महाराष्ट्रातली स्थिती पाहा. १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती, पण निरुपयोगी ठरलेल्या बैलासाठी दाखला मिळत असे. मार्च २०१५ पासून ती वाट बंद झाली. वळू, बैल, गोऱ्हा सगळेच बंदीत आले. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगण्यावरची बंदी तेवढी रद्द केली. कायदा हा कायदा आहे. तो आपल्यावर बंधनकारक आहे आणि आपण तो पाळलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. या निमित्ताने हिंदू-मुसलमान असा वाद घालण्यातही मला रस नाही. कारण हा गोऱ्हा ज्याच्या दावणीला आहे, तो बहुधा मराठा, वंजारी, धनगर किंवा दलित शेतकरी आहे, आणि अडचण त्याचीच आहे. तीन मार्गांतला तिसरा कायद्याने बंद झाला. दुसरा, म्हणजे विकण्याचा, कागदावर उघडा आहे. पण नेकनूर, हिरापूरच्या बाजारात किंवा सीनेपलीकडे काष्टी, वाळकीला अशा गोऱ्ह्याला कोण विचारतो? जो विकत घेत असे तो रस्त्यात अडवला जाण्याच्या भीतीने मागे सरला. २०२५ च्या जुलैत राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा ओरड शेतकऱ्यांचीही झाली. उरला पहिला मार्ग, खाऊ घालण्याचा. तो पूर्ण उघडा आहे. मात्र त्याचा सगळा खर्च एकट्या मालकावर आहे.

सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित करण्यात आले आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरले. चांगली गोष्ट आहे. पण शब्द नीट वाचावेत. अनुदान देशी गायीला. कत्तलबंदी मात्र साऱ्या गोवंशाला. मग आष्टीच्या दावणीचा संकरित गोऱ्हा कुठे बसला? त्याला मारू नये असे सांगणारा कायदा आहे, त्याला जगवायला पन्नास रुपये देणारा निर्णय नाही. मारू नका म्हणणाऱ्यावर जगवण्यात हातभार लावण्याची जबाबदारी येते की नाही? मला वाटते, येते. हा धर्माचा नव्हे, साध्या न्यायाचा मुद्दा आहे. ज्याने दोन दरवाजे बंद केले, त्याने तिसऱ्या दरवाजातून जाणाऱ्याच्या पाठीवरचे थोडे ओझे उचलावे.

दुष्काळातल्या चारा छावण्या आठवा. २०१३ मध्ये होत्या, २०१९ मध्ये होत्या. बीड जिल्ह्यात शेकडो छावण्या लागल्या, आष्टी तालुक्याने तर त्या जवळून पाहिल्या. माणसे जनावरांबरोबर तिथेच राहिली, तिथेच भाकरी खाल्ली. २०१९ मध्ये मोठ्या जनावरामागे रोज ९० रुपये आणि लहानामागे ४५ रुपये मिळत, मे महिन्यात ते १०० आणि ५० झाले. चाराही तसाच, लहानाला मोठ्याच्या निम्मा. सरकारी वहीला दोन रकाने लागतात, त्याला इलाज नाही. पण विचार करा, जे जनावर वयाने मोठे आणि अंगाने लहान आहे, ते कोणत्या रकान्यात? अंग पाहून लहान म्हटले तर आधी भूक मिळाली म्हणून आता निम्मा चारा मिळणार. ज्याला कमी मिळाले त्याला आणखी कमी, असा हा हिशेब होतो. तो छावणीपुरता नाही. समाजातही दुर्बळाला आपण त्याच्या सध्याच्या मापानेच मोजतो आणि ते माप कशाने झाले, ते विसरतो.

आता थोडे आपल्या घरात पाहू. बकरी ईद जवळ आली की बोकडाच्या वजनाची चर्चा सुरू होते. राजस्थानातून देवनारला येणाऱ्या उंचापुऱ्या बोकडांचे फोटो मोबाइलवर फिरतात. अमक्याचा शंभर किलोचा, तमक्याचा सव्वाशेचा. आपला उस्मानाबादी बोकड त्यांच्यापुढे उभा केला की बिचारा उगाच ओशाळतो. धडधाकट, देखणे जनावर निवडावे ही भावना चांगलीच आहे, तिला परंपरेत स्थान आहे. पण कुर्बानीच्या अटी काय आहेत? वय पुरे असावे. शेळी-बोकड एक वर्षाचा, म्हैस-रेडा दोन वर्षांचा. ते उघड आंधळे, उघड आजारी, उघड लंगडे नसावे, आणि हाडांत मगज न उरण्याइतके रोडावलेले नसावे. वजनाचा आकडा यात कुठेच नाही. उंची नाही. लहान चणीचे, पण वयाने पुरे आणि निरोगी जनावर चालते. त्याच्या लहानपणावर शरीअतचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो उपाशी ठेवलेल्या जनावरावर.

हा भेद मला फार अर्थपूर्ण वाटतो. वर मी लहानपणाचे जे प्रकार सांगितले, त्यांतले जातीचे लहानपण इथे मान्य आहे आणि भुकेचे अमान्य. कुणी म्हणेल, हा तर दुर्बळावर अन्याय झाला. रोडक्या जनावराला नाकारले म्हणजे त्याला आणखी टाकून दिले. मला तसे वाटत नाही. नाकारले ते जनावराला नाही, देणाऱ्याला. तू याला वर्षभर पोटभर घातले नाहीस आणि आज अल्लाहच्या नावाने ते काढून देतोस, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. जनावर परत जाते ते पुन्हा मालकाच्याच दावणीला, आणि नफक्याचे कर्तव्य तिथे वाट पाहत उभे असते. उंची अल्लाहची देणगी, रोडपणा बहुतेक वेळा आपली करणी. या दोहोंत फरक करायला शिकलो तरी पुष्कळ झाले.

काही भले लोक म्हणतात, अशा जिवाला झिजवण्यापेक्षा सोडवून टाकणे हीच दया. या युक्तिवादाला मोठा आधार दिला जातो तो गांधीजींचा. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होते, बरे होण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टरकरवी इंजेक्शन देऊन त्याला मरण दिले. देशभर गदारोळ झाला, गांधीजींनी आपली भूमिका लेख लिहून ठामपणे मांडली. पण या उदाहरणाचा आधार घेताना त्यातली अट विसरू नये. ते वासरू वेदनेत होते आणि उपाय उरला नव्हता. आपल्या कोपऱ्यातला गोऱ्हा वेदनेत असेल तर ती भुकेची वेदना आहे, आणि भुकेला उपाय आहे. भूक आपण द्यायची आणि मग तिच्यातून सुटका म्हणून मरण देण्याची भाषा करायची, ही दया नव्हे. जिथे दुःख आणि उपाय दोन्ही आपल्या हातात असतात, तिथे दयेचा पहिला अर्थ उपाय करणे हाच होतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. राज्यातला हा सर्वांत कमी आकडा होता. पुढे त्यात सुधारणेसाठी पुष्कळ प्रयत्न झाले. माणूस आणि जनावर यांची बरोबरी मला करायची नाही. पण ज्या घरात गोऱ्हा नको आणि कालवड हवी, तिथेच मुलगी नको आणि मुलगा हवा, हे विचित्र नाही काय? वरवर दोन उलट आवडी दिसतात. आतला विचार एकच आहे. जो जीव उपयोगाचा, तो हवा. ज्याचा खर्च अधिक आणि परतावा कमी, तो नको. ‘उपयोग काय?’ हा प्रश्न एकदा जिवाला विचारायची सवय लागली की, तो गोठ्याची चौकट ओलांडून घरात येतो. म्हातारपणाला विचारला जातो, अपंगाला विचारला जातो, अंगणवाडीच्या वजनकाट्यावर कमी भरणाऱ्या पोराला विचारला जातो. म्हणूनच खुरट्या वासराचा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही, अशाशी आपण कसे वागतो, यातच नियत कळते. दुभत्या गायीवरचे प्रेम काय सिद्ध करते? तिच्यावर डेअरीवाल्याचेही प्रेम असते.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी सरकारवर सोडू, पण काही लहान गोष्टी हातातल्या आहेत. गोऱ्हा असो की कालवड, पहिला चीक वासराचा. पोटभर पाजून उरेल त्याचा खरवस. यात खर्च जवळजवळ नाही आणि अर्धी हगवण इथेच टळते. जंताचे औषध वेळेवर द्यावे, ते काही महाग नसते. गाभण गायीला शेवटच्या तीन महिन्यांत थोडी अधिक वैरण-पेंड द्यावी, वासराची वाढ तिथेच ठरते. लिंगनिश्चित वीर्यमात्रेने शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. नको असलेला जीव जन्माला घालून झिजवण्यापेक्षा तो जन्मूच न देणे अधिक प्रामाणिक आहे, आणि अशी मात्रा गरिबाला परवडेल अशा दरात गावात मिळावी हा आग्रह धरण्यासारखा आहे. तरीही दहा गोऱ्हे होतीलच. त्यांच्यासाठी गावाने, दूधसंस्थेने, सरकारने मिळून काही सोय केली पाहिजे, आणि त्यात देशी-संकरित असा भेद नसावा. लिटरमागे चार-आठ आणे जरी या कामासाठी बाजूला निघाले, तरी दूध पिणाऱ्या प्रत्येकाचा त्यात हिस्सा पडेल. आणि तो पडलाच पाहिजे. कारण ज्याच्या गोठ्यात एकही जनावर नाही, तोही सकाळचा चहा पितोच. त्या चहातले दूध मुळात कुणाच्या वाट्याचे होते?

आपण मराठी मुसलमान अमानत हा शब्द फार आदराने उच्चारतो. जमीन अमानत, मुले अमानत, जीवही अमानत. ज्याने सोपवली तो एक दिवस मागणार, अशी आपली श्रद्धा आहे. अमानतीचा एक नियम व्यवहारातही सर्वांना मान्य आहे. ठेव मोठी असो की लहान, सांभाळण्याचे कर्तव्य सारखेच असते. सोन्याची पिशवी ठेवली म्हणून जपायची आणि तांब्याचा गडू ठेवला म्हणून हरवला तरी चालेल, असे म्हणणाऱ्याला गावात कुणी ठेव देत नाही. वासरू लहान राहिले असेल. आपली जबाबदारी त्याच्या मापाने लहान होत नाही.